ह्यांचा सॅक्स आन् अविराजची डबडी

मी छबूबाई. अंथुर्ण्याला कॅनॉलच्या कडंला आमची वस्ती हाय. माझ्या घरात दोन येडी माणसं हायती, एक नवरा आन् एक ल्योक, आन् दोघांचंबी खाणंपिणं माझ्याच गळ्यात. त्यामुळं त्यांच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क फकस्त माझा. दुसऱ्या कुणी एक शब्द काढला तर त्याला मी सोडायची न्हाय.

नवऱ्याचं नाव रावजी. उखाणा सोडून मी त्यांचं नाव घेत न्हाय, पर तुमाला कळावं म्हणून एकदा सांगितलं. हे इंदापूरच्या तात्याबाच्या बँडमदी सॅक्सोफोन वाजवायचं. घरचा दीड एकर ऊस, तो सांभाळून लगीनसराई आली की लाल कोट घालायचा आन् वरातीम्होरं चालायचं. भावकीनं लई नावं ठिवली. शेतकऱ्याचं पोर आन् पिपाणी फुकतंय म्हणायची. पर त्याच भावकीत कुणाच्या पोरीचं लगीन निघालं की पैला फोन ह्यांनाच यायचा, आन् तवा गोड बोलायची.

बोलायला तर हे असं की इचारू नका. एका लग्नाची गोष्ट चार दिस पुरवून सांगायचं. नवरदेवाचा घोडा कसा बुजला, कलवरी कशी रुसली, सगळ्यांच्या नकला करायचं. मी भाकरी थापता थापता हसून बेजार व्हायची. मग एका थंडीत एक लगीन वाजवून हे फटफटीवर आलं, झोपलं, आन् सकाळी उठलं तर डाव्या अंगानं तोंड उतरल्यालं. तोंडावरनं वारं गेलं हुतं.

बारामतीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मालिश सांगितली. डोळा मिटाया लागला, गाल बऱ्यापैकी जागेवर आला, पर ओठाचा डावा कोपरा काय ऐकंना. चहा पिताना वघळ यायचा. बोलताना अर्धा शब्द बाहेर आन् अर्धा आतच ऱ्हायचा. माझ्या नणंदंच्या, गोजरबाईच्या, लेकीचा साखरपुडा हुता. पंगतीत ह्यांच्या हनुवटीवर आमटी आली, आन् मी आपली पदरानं पुसली. चारचौघांत पुसली. त्या दिवसापासनं हे कुठल्या कार्याला गेलं न्हाय. बोलणंबी सोडलं. कुणी काय इचारलं की माझ्याकडं बघायचं आन् मी बोलायची. डॉक्टर म्हणायचा, "दुखतंय का?" मी सांगायची, "न्हाय दुखत." साखर कारखान्याचा माणूस इचारायचा, उसाची नोंद केली का, मी सांगायची, केली. पाव्हणा इचारायचा, रावजीराव, भाजी तिखट झाली का वो, तरीबी मीच. घरात चालतं तोंड एकच ऱ्हायलं, आन् ते माझं. माझं तोंड तसं दोघांना पुरंल एवढं हाय, सासूबाई पैल्यापासनं म्हणायच्या.

सॅक्स पेटीत घालून कपाटावर ठिवला. मी रोज पुसायची, नुसती पेटी. आत बघायचा धीर हुईत नव्हता.

डॉक्टरनं सांगितलं हुतं, रोज फुगं फुगवा, ओठाला ताकद येईल. मी बारामतीतनं फुग्याचं पाकीट आणलं. हे फुगा हातात घ्यायचं, माझ्याकडं बघायचं आन् खाली ठिवायचं. अविराज एक दिस म्हणाला, "आबा, फुगं कशाला? फुकायचंच हाय तर घरात सॅक्स हाय की."

आता ह्या अविराजचं सांगते. बारामतीत डिप्लोमा केला, आन् आता गावात मोटरीचं स्टार्टर दुरुस्त करतो. हात चांगला हाय पोराचा, लोक लांबनं बोलवायला येत्यात. पर चार पैशे सुटं झालं की वायरी न्हायतर डबडी घेऊन येणार. इलेक्ट्रिक गिटार घेतलीया. तिच्याम्होरं जमिनीवर लोखंडी डबड्यांची रांग, प्रत्येकाला बटन, ते पायानं दाबायचं. एक दाबलं की तारंचा आवाज लांबतो, दुसरं दाबलं की फाटतो, तिसरं दाबलं की मगाचाच आवाज परत परत येतो. शेजारी लॅपटॉप उघडा. एवढं सगळं असून धड एक गाणं वाजवंल तर शपथ. त्याला सोयरीक बघायला आल्याली माणसं ते ऐकून चहा अर्धा ठिवून गेली.

तर त्यानं पेटी काढली आन् बापाला विहिरीवरच्या मोटरीच्या खोलीत घेऊन गेला. मी चहा घेऊन मागनं गेले. हे खताच्या गोणीवर बसल्यालं, म्होरं अविराजचा माईक आन् डबडी मांडल्याली. सॅक्सच्या तोंडाची पत्ती ओठात धरली, दम घेतला, फुकलं. निम्मा वारा डाव्या कोपऱ्यातनं फुस्स करून बाहेर. मग एक चिरका आवाज, मग परत फुस्स. ज्या माणसानं निस्त्या दमावर म्हाताऱ्या बाया नाचवल्या, त्याच्या तोंडून हे असलं. ह्यांनी सॅक्स मांडीवर घेतला आन् मान खाली घातली. मला वाटलं, आता ह्या पोराच्या कानाखाली एक ठिवून द्यावी.

अविराज आपल्या डबड्यांकडं वळला. त्यानं पायानं एक डबडं दाबलं. ह्यांचा तोच फुस्स स्पीकरमधनं बाहेर आला, लांब, सावकाश. परत आला. त्याच्याखाली पोरानं गिटारची एक जाड तार छेडली आन् तशीच घुमत ठिवली, उन्हाळ्यात विजंची डीपी घुमती तशी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणलं, "बापाचं तोंड वाकडं झालं त्याची टेप करून परत परत लावतोस व्हय रं? लाज कशी वाटत न्हाय तुला?"

आन् हे हसलं. किती महिन्यांनी हसलं. वाकडंच हसलं, पर हसलं. सॅक्स उचलला आन् स्पीकरमधल्या फुस्सला दुसरा फुस्स जोडून दिला. मी चहा तिथंच ठिवला आन् घरी आले. वाटंत डोळं पुसलं, कुणी बघत नव्हतं.

मग रोजचंच झालं. दुपारचं काम आवरलं की दोघं मोटरीच्या खोलीत. त्या आवाजानं आमची म्हैस दूध चोराया लागली, तिला मी परसात नेऊन बांधली. एक दिस मला राहवंना. मी इचारलं, "अरं, पर ठरवता काय तुमी? चाल कुठली, सुरू कुठनं करायचं, संपवायचं कुठं?"

अविराज म्हणाला, "काय ठरवत न्हाय, आई."

"आमटीलासुदिक आधी फोडणी असती."

"आबांनी चाल ठरवली आन् ओठानं दगा दिला, की ती चूक झाली. ठरवलीच न्हाय, तर चूक कुठनं यील? ओठ जे काढंल ते आमचं. त्यातनंच म्होरं जायाचं."

"म्हंजी साळंत नाव घातल्याबिगर पोरगं नापास हुईत न्हाय, तसं."

"तसंच," अविराज म्हणाला, आन् हे मागं बसून हसत हुतं. मी बघितलं, ह्यांचा ओठ बरा झाला नव्हता, पर हे आता त्याला लपवत नव्हतं. पोराजवळ तरी न्हाय.

हितवर सगळं ठीक हुतं. खोलीत काय करायचं ते करा. पर अविराजची एक मैत्रीण हाय, स्वरूपा, बारामतीत पोरांना चित्रकला शिकवती. तिच्या क्लासचा हॉल हाय. ती एक दिस येऊन ऐकून गेली आन् म्हणाली, रविवारी दुपारी हॉलमदी कार्यक्रम करूया. भिंतीवर लावायचा कागदबी केला. वर ह्यांचं नाव, म्होरं सॅक्सोफोन. खाली अविराज, म्होरं गिटार आन् इलेक्ट्रॉनिक्स. हे त्या कागदाकडं किती येळ बघत बसलं. मी म्हणलं, आता न्हाय म्हणत्याल. पर ह्यांनी मान हलवली, व्हय म्हणून.

माझी झोप उडाली. तुमाला वाटंल, बाई आनंदात असंल. आनंद हुताच, न्हाय कशी म्हणू. सासरमाहेरच्या सगळ्या पाव्हण्यांना मीच फोन केलं, कार्यक्रम हाय, या म्हणून. आन् फोन ठिवला की दुसराच इचार. चार लोकांत ह्यांचा ओठ निसटला, फुस्स झालं, आन् कुणी फिदीफिदी हसलं तर? हे परत त्या पेटीला हात लावणार न्हाय, हे मला पक्कं ठावं हुतं. परत भिताडाकडं बघत बसत्याल. हे असं कायमचं गप झालं तर मी जन्मभर भांडू कुणासंगं?

म्हणून मी एक केलं. बँडवाल्यांचा एक नेम हाय. वरात चालू असताना एकाचा दम तुटला, तर शेजारच्यानं चाल तिथनंच उचलायची. ऐकणाऱ्याला सुगावा लागू द्यायचा न्हाय. पैल्यानं दम खाल्ला की दुसऱ्यानं बाजूला व्हायचं. ह्यांनी तात्याबाला असं सावरलंय आन् तात्याबानं ह्यांना, आख्खी हयात तेच केलं दोघांनी. मी गुपचूप तात्याबाला फोन लावला. म्हणलं, "तात्याबा, येताना तुमची क्लॅरिनेट आणा. पैल्या रांगंत बसा. ह्यांचं काय झालंच तर मी तुमच्याकडं बघीन. मग तुमी उचला."

तात्याबा म्हणाला, "वहिनी, निर्धास्त ऱ्हावा. रावजीला मी पडू दिलाय का कधी?"

रविवारी आमी दोन जीपा भरून बारामतीला गेलो. गोजरबाईनं नारळ, टॉवेल, टोपी घेतली हुती, भावाचा सत्कार करायचा म्हणून. हॉलमदी बारामतीची वीस-पंचीस माणसं, बरीचशी तरणी, भुईवर सतरंजीवर बसल्याली. आमची माणसं खुर्च्यांवर. तात्याबा पैल्या रांगंत, मांडीवर पिशवी. हे पांढरा सदरा घालून स्टुलावर बसलं. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी हसले आन् तात्याबाच्या पिशवीकडं बघून घेतलं.

सुरू झालं. अविराजनं तार छेडली, ती घुमाया लागली. ह्यांनी बारीक फुकलं. लॅपटॉपमधनं काय तरी खरखरलं. हे थोडं फुकत्यात, थांबत्यात. पोरगं एक बटन दाबतंय, एक पिळतंय. असं बराच येळ चाललं. गोजरबाई माझ्या कानाला लागली, "वहिनी, जुळवाजुळव लई चाललीया. वाजवायला कवा घेणार?"

मी म्हणलं, "हेच वाजवणं हाय."

ती माझ्याकडं अशी बघाया लागली, जशी मीच आजारी हाय. मागं आमच्यातलं कुणी तरी खुदकन हसलं. मी मागं वळून असं बघितलं की परत कुणाचा आवाज आला न्हाय.

आन् मग ज्याची भीती हुती तेच. ह्यांनी मोठा दम घेतला, सूर वर न्यायला लागलं, आन् डावा कोपरा निसटला. फुस्स. थुकीचा बुडबुडा आला ओठावर. ह्यांनी सॅक्स तोंडातनं काढला, डोळं मिटलं आन् तसंच बसून ऱ्हायलं. अविराजची तार हळूहळू बारीक झाली. मग तीबी थांबली. हॉलमदी पंखा तेवढा फिरत हुता. आता हसत्याल, आता कुणी तरी हसतंय. मी उभी ऱ्हायले आन् तात्याबाकडं बघितलं.

तात्याबानं क्लॅरिनेट काढली आन् दिली ठोकून. वरात देवळापासनं निघताना वाजवत्यात ती चाल. काय सांगू तुमाला, आमच्या दोन्ही जीपांच्या जिवात जीव आला. गोजरबाईनं टाळ्या धरल्या. तिच्या जावयानं शिट्टी घातली आन् उठून दोन पावलं नाचलाबी. सतरंजीवरची तरणी पोरं एकमेकांकडं बघाया लागली, पर हसून टाळ्या द्यायला लागली. मला वाटलं, वाचवलं. छबूबाई, वाचवलंस तू माणसाला.

मग मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळं उघडलं हुतं. सॅक्स मांडीवर, दोन्ही हात सॅक्सवर, आन् नजर माझ्याकडं. साखरपुड्याच्या पंगतीत मी पदरानं हनुवटी पुसली तवाबी अशीच नजर हुती. अविराजनं गिटारवरचा हात काढून घेतला हुता. माझ्या टाळ्या जागच्या जागी ऱ्हायल्या.

तात्याबानं चाल झोकात संपवली. टाळ्या पडल्या. हे पुढं वाकलं आन् सॅक्ससाठी लावल्याल्या माईकला तोंड लावलं. त्या साखरपुड्यापासनं हे चार माणसांत एक अक्षर बोललं नव्हतं. शब्द अर्धं बाहेर आलं, अर्धं वाऱ्यात गेलं, पर हॉलमदी सगळ्यांना कळलं.

"तात्याबा," हे म्हणालं, "मी पडलो नव्हतो. थांबलो हुतो."

तात्याबाच्या हातातली क्लॅरिनेट खाली आली.

"आपल्यात थांबत न्हाईत, ठावं हाय मला. वरात थांबून चालत न्हाय. हितं वरात न्हाय. हितं मला गप बसायचं हुतं, म्हणून बसलो." एवढं बोलून ह्यांना दम लागला. हातरुमाल काढला, हनुवटी पुसली, सगळ्यांदेखत, सावकाश. मग माझ्याकडं बघितलं. "छबू, तू बी बस आता."

घरी असं मला बोललं असतं तर मी दोन दिस सैपाक केला नसता. भर सभेत, माझ्या माहेरच्या माणसांदेखत मला बस म्हणाला हा माणूस. आन् मी बसले. मला राग आला हुता आन् रडू आलं हुतं, आन् त्यातलं आधी कुठलं आलं ते मला सांगता यायचं न्हाय.

तात्याबानं क्लॅरिनेट पिशवीत घातली. "चुकलं, रावजीराव," म्हणाला. ह्यांनी नुस्ता हात वर केला, जाऊ द्या म्हणून, आन् पत्ती ओठात धरली.

परत सुरू झालं. मला आवडलं का म्हणाल तर मी खोटं बोलायची न्हाय. गाणं नव्हतं त्यात. पर ह्या येळंला मी ह्यांच्या ओठाकडं बघायचं सोडलं आन् ऐकलं. फुस्स व्हायचं तिथं अविराजची तार येऊन बसायची, आन् मग तो फुस्स चुकल्यासारखा वाटायचाच न्हाय. डबड्यातनं ह्यांचाच मगाचा दम परत यायचा आन् हे त्याला उत्तर द्यायचं. कधी कण्हल्यागत, कधी चिडल्यागत. एकदा तर ह्यांनी असा चिरका आवाज काढला की मला ती रुसल्याली कलवरी आठवली आन् मी एकटीच हसले. एवढ्या महिन्यांत हे मला जे बोललं नव्हतं ते समदं तिथं बोलत हुतं. मी त्यातलं काय बी दुसऱ्याला सांगू शकले नसते. माझा नवरा मला पैल्यापासनं आवडतो, पर त्या दिवशी लई आवडला.

मग हे परत थांबलं. सॅक्स तोंडातनं काढला, डोळं मिटलं. तार बारीक हुईत गेली आन् बंद झाली. सगळं गप. तात्याबानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघितलं. येळ जाईना. कुणी खोकंनासुदिक. गोजरबाईच्या मांडीवर नारळ, तिची चुळबुळ चालल्याली. शेवटी ती माझ्या कानाला लागली, "वहिनी, संपलं का गं?"

उत्तर माझ्या जिभंवर आलं हुतं. सवयच ती. मी म्हणलं, "मला काय इचारतीस? त्यांना इचार."

आन् गोजरबाई ती गोजरबाई. खुर्चीतनं उठली आन् सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी म्हणाली, "दादा, संपलं का वो?"

सतरंजीवरची पोरं हसली. ह्यांनी डोळं उघडलं. बहिणीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी तोंड गच्च मिटून बसले हुते. ह्यांचा वाकडा ओठ हसाया लागला.

"न्हाय गं," हे म्हणालं. "अजून लई हाय." आन् सॅक्स उचलला.